नोपची गाडी रिव्हर्स घेत नव्हती

पेज गरम आहे तोवर खाऊन घ्या. आज काही फोन यायचा नाही. पाऊस नाही, धुकं नाही, लोक सरळ घरी चाललेत. टोइंगवाल्याचा धंदा असाच, लोकांचं बरं चाललं की आपण पंपावर बसून पेज प्यायची. आणि तुम्ही पंपावरची तिघं पोरं मघापासून मोबाइलवर भुतांचे व्हिडिओ बघताय आणि वर मला विचारताय, "तनोमकाका, तुम्ही एवढी वर्षं अपघाताच्या गाड्या ओढता, तुम्हाला कधी भूत दिसलं का हो?"

मला नाही दिसलं. दिसलं असतं तर या धंद्यात राहिलो असतो का? पण सनितला... सनित म्हणजे तो गिअरबॉक्सवाला, उत्तरदितच्या जुन्या स्टेशनामागे ज्याचं गॅरेज आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नाही तो. मी आणि तो लष्करात एका बराकीत होतो. थापा मारणाऱ्यांतला नाही. थापा मारायला तोंड उघडावं लागतं, आणि हा दिवसचे दिवस उघडत नाही.

तर ऐका. मध्ये बोलायचं नाही. जो बोलेल त्यानं उद्या माझी गाडी धुवायची, चाकांच्या आतून.

दोन वर्षं झाली. सोंक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, आधीचा आठवडा होता. मला दाओचा फोन आला. दाओ म्हणजे नोपची बायको, आणि गाडी नोपची. म्हणाली, "काका, अंगणातली ती गाडी घेऊन जाता का? सनितकाकांकडे टाका. रिव्हर्स नीट करून घेते आणि विकून टाकते एकदाची."

गेलो. जुनी पांढरी ऑटोमॅटिक, वर्षभर ताडपत्रीखाली पडलेली, टायर बसलेले. मी साखळी लावेपर्यंत दाओ पोराला कडेवर घेऊन गाडीकडे पाठ करून उभी होती. पोराला गाडी बघायची होती. ते मान वळवायचं, ही परत फिरवायची.

त्या गाडीचं सांगतो. नोपचा डावा पाय मोटरसायकलवरून पडून कायमचा अधू झालेला. क्लच दाबणं त्याला जमायचं नाही. म्हणून त्याच्या आईनं, लमाई मावशीनं, त्याला ही ऑटोमॅटिक घेऊन दिली. मावशी बाजारात केळ्याची भजी तळायची. तुमच्यापैकी कोणी खाल्ली असतील तर विसरला नसाल. पहाटे शेगडी, कढई, केळ्यांचे घड असं सगळं डिकीत भरायचं आणि मायलेक निघायची. घर गल्लीच्या टोकाला, गाडी वळवायला जागा नाही, म्हणून रोज मागं मागं घेत रस्त्यावर काढायची. मावशी मागे उभी राहायची. हात हलवत, "ये... ये... ये..." आणि बास झालं की डिकीवर दोन थापा. म्हणजे थांब. आपण सगळेच तसं करतो. आरसे असतात, कॅमेरा असतो, तरी मागे आपलं माणूस उभं असलं की बरं वाटतं.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं. तेव्हाही सोंक्रान तोंडावर आलेला, आणि नोप गाडी घेऊन सनितकडे आला. "काका, रिव्हर्स टाकला की काही होतच नाही. जरा वेळानं एकदम धाडकन पकडते. कढई उलटते डिकीत."

सनितनं ऑइलची पट्टी काढून वास घेतला. ऑइल तपकिरी, वास करपट. ऑइलचा दाब बघायला गेज लावलं. ड्राइव्हला टाकलं की काटा झटकन वर. रिव्हर्सला टाकलं की काटा रांगत रांगत वर. सकाळी गाडी थंड असताना जास्त उशीर, तापल्यावर कमी. खालच्या गिअरला उतारावर इंजिन गाडीला अडवून धरतंय का तेही बघितलं. धरत होतं. म्हणजे ती बाजू ठीक. मग उरलं काय? रिव्हर्सच्या क्लचची रबरी सील. रबर म्हातारं झालं की कडक होतं, कडेनं दाब निसटतो. उपाय एकच, गिअरबॉक्स खाली उतरवायचा, उघडायचा आणि सील बदलायची. सनितला हे सगळं तिथल्या तिथं कळलं होतं.

पण बाहेर गाड्यांची रांग. सगळ्यांना सणाला गावी जायचंय. त्याची बायको वान बॅग भरून बसलेली, तिला माहेरी जायचंय. गिअरबॉक्स उतरवला असता तर सण गेला असता. तर हा बोलला. एरवी न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला.

"ऑइल थंड असतं म्हणून होतं. रिव्हर्स टाक, जरा रेस दे, पकडते. सणानंतर आण, बघू."

"धोका नाही ना काका?"

"छे. सगळे तसंच चालवतात."

तेही खोटं नाही. तुम्हीही सांगता की नाही गिऱ्हाइकांना, जरा रेस द्या म्हणून? खाली बघू नका. पेज खा.

तेरा एप्रिल, सणाची पहाट. विहारात भिक्खूंसाठी जेवण न्यायचं होतं. डबे डिकीत ठेवले, मावशी मागे उभी राहिली. नोपनं रिव्हर्स टाकला. गाडी गप्प. त्यानं जरा रेस दिली. गप्प. अजून जरा दिली... मावशीच्या मागे शेजाऱ्यांची भिंत होती.

पुढचं मी सांगत नाही. गाडी काढायला मलाच बोलावलं होतं.

नोपनं आईच्या चितेपुढं डोकं भादरून चीवर घातलं. रीतच आहे, मुलगा भिक्खू होतो आणि पुण्य आईच्या नावे करतो. बाकीचे थोड्या दिवसांत चीवर उतरवून घरी येतात. नोप आलाच नाही. दाओ तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. पोर झालं, तरी हा बघायला आला नाही. म्हणायचा, "या पायानं आईला मारलं. हा पाय घरात कसा नेऊ?" पोलिसांना, बायकोला, मोठ्या भंतेजींना, सगळ्यांना त्याचं एकच उत्तर होतं. सनितकाकांनी जरा रेस दे म्हटलं होतं, मी जास्त दिली, पाय माझा.

आणि सनित गप्प. प्रेतयात्रेला गेला, सगळे वाहतात तसं चितेवर लाकडाचं फूल वाहिलं, घरी आला, गप्प. एकच वाक्य बोलायचं होतं, की बाबा रे, गाडी चालवण्याजोगी नव्हती, ते मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही. एवढं बोलला असता तर ते पोर बापाच्या मांडीवर वाढलं असतं. पण असं बोलल्यावर गॅरेजमध्ये कोण येणार? म्हणून गप्प. दर सणवाराला विहारात जायचा, नोपच्या भिक्षापात्रात स्वतःच्या हातानं भात वाढायचा, पाया पडायचा, परत यायचा.

अशा माणसाच्या दारात मी ती गाडी नेऊन टाकली. त्यानं बघितली. चेहरा असा झाला की मीच म्हटलं, "नको असेल तर दुसरीकडे नेतो."

"राहू दे," म्हणाला.

गिअरबॉक्स उघडला. सील नखानं दाबली तर तुकडा पडत होता. मला दाखवायला आणला त्यानं तो तुकडा, तळहातावर ठेवून. सगळं नवीन घातलं. सील, क्लचच्या चकत्या, जाळी, ऑइल, गिअरबॉक्सखालची रबरं. इतकं मन लावून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पुरं झालं ते सणाच्या आदल्या रात्री. बारा एप्रिल, शुक्रवार. वान माहेरी गेलेली. रस्त्यावर पोरं एक दिवस आधीच एकमेकांवर पाणी उडवत होती, तीही साडेदहाच्या सुमाराला घरी गेली.

त्याचं गॅरेज तुम्ही बघितलंय. अरुंद. गाडी तोंडानं आत घ्यायची, नाक भिंतीला, शेपूट दाराकडे. शटर अर्धं ओढलेलं होतं. गेज लावलेलंच होतं. त्यानं गाडी चालू केली. ब्रेकवर पाय ठेवून ड्राइव्हला टाकलं, लगेच पकडली. न्यूट्रल. मग रिव्हर्स.

काटा झटकन वर गेला. आणि गाडी गप्प.

आता तुम्ही मेकॅनिक नाही, पण एवढं तर कळतं? दाब पुरता आहे, सील नवी, चकत्या नव्या. मग न पकडायला झालंय काय? सनित काट्याकडे बघत बसला. आणि मग गाडीनं पकडलं. हिसका नाही, काही नाही, अगदी हळू.

त्यानं परत केलं. तेच. केबल तपासली. ऑइल तपासलं. गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन लावून बघितलं, एकही दोष दाखवेना. इंजिन तापू दिलं. रबराचा उशीर तापल्यावर कमी होतो. हा होईना. थंड असताना जेवढा, तापल्यावर तेवढाच.

मग त्यानं पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. गिअरबॉक्समधून काही आवाज येतो का, ऐकावं म्हणून.

रिव्हर्स टाकला.

काटा वर.

गाडी गप्प.

आणि मागून... सपातांचा आवाज. रबरी सपाता ओढत कोणीतरी चाललंय. गाडीच्या मागून. या बाजूनं त्या बाजूला. सावकाश. गुडघे दुखणारी बाई चालते तसं. फट्... फट्... फट्...

थांबला आवाज.

गाडीनं पकडलं.

सनित उतरला. मागे कोणी नाही. शटरखालून बघितलं, रस्ता रिकामा. मला म्हणाला, तेव्हा वाटलं कुत्रं असेल. मी म्हटलं, कुत्रं सपाता घालतं का रे? पण हे आपण दिवसा बोलतो. त्या वेळी माणूस स्वतःला काहीही सांगतो.

परत येऊन बसला. आरशात बघितलं नाही. मला म्हणाला, मान वर होईना.

रिव्हर्स.

काटा वर.

"ये..."

हळू आवाज. डिकीच्या मागून.

"ये... ये..."

आणि त्याचा पाय ब्रेकवरून उचलला गेला. रेसवर गेला. सनित शपथेवर सांगतो, मी नेला नाही, तो गेला. इतक्या लोकांना सांगून सांगून पायातच भिनलेलं. पकडत नाही ना? जरा रेस दे. त्यानं जरा दिली. गप्प. अजून जरा...

थप.

थप.

डिकीवर.

दोन्ही पायांनी ब्रेक दाबला त्यानं. गाडी जागच्या जागी हिसकली. इंजिन बंद पडलं.

मग काहीच आवाज नाही. इंजिन तापलेलं असलं की निवताना टिकटिक करतं, तीसुद्धा नाही.

"मावशी?"

...

"मावशी... मला माहीत होतं."

...

"सील गेलीय हे माहीत होतं मला. मी सांगितलं नाही. आणि वर्षभर पोराला..."

दार उघडून उतरला तो.

फळीवर वाननं जाताना चांदीची वाटी भरून ठेवली होती. सुगंधी पाणी, मोगऱ्याची फुलं. दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातावर घालून वर्षाच्या चुकांची माफी मागायची, त्यासाठी. ती उचलून सनित गाडीच्या मागे आला. हात तर कुणाचेच नव्हते समोर. डोळे मिटले, वाकला आणि फरशीवरच ओतली. म्हणाला, "सकाळ व्हायच्या आत सांगतो नोपला." वाटी तिथंच ठेवली, शटर ओढून कुलूप लावलं आणि चालत निघाला. घरी गेलाच नाही. विहाराच्या फाटकाबाहेर बसून राहिला, झाडायला माणूस येईपर्यंत.

झाडायला आला तो नोपच.

आता हे मला दोघांनीही सांगितलंय, वेगवेगळं, आणि सारखंच. सनित हात जोडून जमिनीवर बसला. मुलाच्या वयाचा पोरगा, पण चीवर अंगावर आहे म्हटल्यावर बसावंच लागतं.

"काका, इतक्या पहाटे?"

"भंते, गाडीचं सांगायचं होतं."

"ते दाओला सांगा."

"गिअरबॉक्स तेव्हाच उघडायला हवा होता. गेज लावलं तेव्हाच कळलं होतं मला. सणाची घाई होती म्हणून तुला... तुम्हाला तसंच पाठवलं."

झाडू थांबला.

"पण तुम्ही जरा रेस दे म्हणाला होतात. मी जास्त दिली."

"जरा काय नि जास्त काय. पकडत नाही म्हटल्यावर कुणीही अजून देणारच. मीसुद्धा दिली असती. दिली काल रात्री. तो तुमचा पाय नव्हता, भंते. माझं तोंड होतं."

नोपनं झाडू दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "वर्ष झालं, काका."

"हो."

"दर सणाला येऊन माझ्या पात्रात भात वाढलात."

"हो."

"माझं पोर चालायला लागलं म्हणतात."

सनित बसून राहिला खाली मान घालून. नोप रागानं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं सनित मला म्हणाला. नुसता झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, "गाडी कुठं आहे?"

सनितनं मला फोन केला. मी माझी गाडी घेऊन गेलो, दोघांना बसवलं. सनितनं किल्ली माझ्याकडे दिली, गॅरेजचं शटर मीच वर केलं.

मघाशी म्हणालो ना, मला भूत दिसलं नाही? नाहीच दिसलं. फरशी दिसली.

एप्रिलचा उकाडा, पत्र्याचं छप्पर. तिथं ओतलेलं पाणी पाठ फिरवेपर्यंत वाळतं. पण फरशी ओली होती, आत्ता ओतल्यासारखी. एवढ्याशा वाटीतलं पाणी, आणि डिकीपासून शटरपर्यंत पसरलेलं. वर मोगऱ्याची फुलं. आणि डिकीला लागून, मधोमध, दोन जागा कोरड्या.

पावलं होती ती. बायकी, रुंद, बोटं फाकलेली. टाचा गाडीकडे, बोटं दाराकडे, सनित जिथं वाकला होता तिकडे. कोणीतरी तिथं उभं होतं, पाणी त्या पावलांना वळसा घालून आलं होतं.

नोपनं पाहिलं. खाली बसला. त्यानं सनितची वाटी घेतली, नळावर भरली आणि मेलेल्या माणसाच्या नावानं पुण्य सोडतात तसं पुटपुटत, बारीक धार धरली. सनित आणि मी भिंतीला चिकटून उभे. पाणी सरकत सरकत त्या कोरड्या जागांपाशी गेलं. थबकलं जरा. आणि मग आत शिरलं. आधी एक पाऊल भिजलं, मग दुसरं. नोप "आई" म्हणाला आणि चीवराचा पदर तोंडात धरून रडला. एवढा मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

गाडी मात्र रिव्हर्समध्ये बाहेर काढायला कोणी तयार होईना. त्या जागेवरून चाक कोण नेणार? शेवटी दुपारी सनितनं घण घेतला आणि समोरची भिंत फोडली. गाडी तोंडानंच पुढून बाहेर काढली, मीच चालवली. लोकांना वाटतं त्यानं हवेसाठी दुसरं दार केलं.

नोपनं मोठ्या भंतेजींची परवानगी घेऊन चीवर उतरवलं आणि घरी गेला. दाओनं गाडी विकली नाही. आता तीच केळ्याची भजी तळते, मावशीच्या हातची नाहीत, पण बरी असतात. पोराला डिकीवर बसायला आवडतं. रिव्हर्स टाकायच्या आधी नोप उतरून गाडीच्या मागे जाऊन बघून येतो. अधू पायानं, रोज. गाडी मात्र आता टाकल्याबरोबर पकडते, सनितचं काम आहे ते.

गोष्ट खरं तर इथं संपायला हवी. पण यंदाच्या सोंक्रानला मी सनितकडे होतो. तो आता दर वर्षी, सणाच्या सकाळी, त्याच जागेवर वाटी ओततो. वाकून, दोन्ही हातांनी, डोळे मिटून. माझ्यासमोर ओतली. पाणी फरशीवरून पुढं आलं, आणि दोन पावलांएवढी जागा सोडून, वळसा घालून निघून गेलं. चांगला उजेड होता. मी वाकून बघितलं, हात लावून बघितलं. कोरडी. गार.

मला त्याच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अरे, गॅरेजची फरशी. वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलंय. तिथं पाणी धरत नसेल."

सनित वाटी पुसत होता. म्हणाला, "नोपच्या हातचं धरलं होतं."

त्यानं वाटी पालथी करून फळीवर ठेवली, पुढच्या वर्षासाठी.